समुद्राने उभा कापलेला आपलाच काळा पत्थर

यवतमाळ, वाशिम, अकोला, अमरावती या पट्ट्यात कुणाच्या वावरात नवी विहीर सुरू असली की काठावर चार माणसं उभी असतातच. आत काय लागलं, एवढाच सगळ्यांचा प्रश्न. वरची काळी माती सरली की मुरूम, मुरमाखाली भोकाभोकांचा ठिसूळ दगड आणि मग काळा पत्थर. तो लागला की विहीरवाल्याचं तोंड उतरतं, कारण आता सुरुंगाचा खर्च आला. त्याच्याही खाली कुठे विटकरी रंगाचा थर निघतो, कुठे परत भोकांचा दगड आणि त्यातून पाण्याचा झिरा.

हीच उतरंड शे-दोनशे मीटर उंचीची, समोरून उघडी, एका नजरेत दिसते अशा जागा जगात आहेत. ज्वालामुखीपासून तयार झालेल्या बेटांचे काठ समुद्राने उभे कापलेले असतात. ते कडे पाहायला लोक विमानाचं तिकीट काढून जातात. “एवढे पैसे घालून गोटेच पाहाले जातेत का बाप्पा?” असं आपल्याकडे कुणी विचारलं तर प्रश्न रास्तच आहे. हो, गोटेच पाहायचे. फक्त त्यांच्यात काय पाहायचं ते ठाऊक हवं. ते ठाऊक नसेल तर कड्यासमोर उभं राहून फोटो निघतो आणि पाच मिनिटांत माणूस चहाची टपरी शोधू लागतो. विहीर खणताना पाहिलेल्या माणसाचं निम्मं काम आधीच झालेलं असतं, असं माझं मत आहे.

नात्यातलं बेट

असे कडे आइसलँडला आहेत, हवाईला आहेत, दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर आहेत. पण विदर्भातल्या माणसाने आधी ओळख करून घ्यावी ती हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाची. मादागास्करच्या पूर्वेला सुमारे ७०० किलोमीटरवर हे बेट आहे. क्षेत्रफळ अडीच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या जिल्ह्याच्या निम्मंसुद्धा नाही. राज्य फ्रान्सचं, चलन युरो. उसाच्या मळ्यांसाठी एकोणिसाव्या शतकात दक्षिण भारतातून मजूर नेले गेले, त्यांचे वंशज आजही तिथे आहेत आणि त्यांची देवळंही आहेत.

नातं मात्र माणसांच्या किती तरी आधीचं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आजच्या जागी नव्हता. विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. पृथ्वीच्या पोटातून तप्त खडक वर येण्याची एक जागा त्या वेळी नेमकी आपल्या खाली आली. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहिला. शंकूसारखा डोंगर होऊन एका तोंडातून उडालेला नाही, तर पुरासारखा पसरलेला. एकावर एक थर साचले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर हा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, पसरलेला आहे. महाबळेश्वरच्या बाजूला त्याची जाडी दीड-दोन किलोमीटर भरते. पूर्वेकडे येता येता तो पातळ होत जातो आणि नागपूरच्या आसपास संपतो. सीताबर्डीची टेकडी याच दगडाची. पण भंडारा-गडचिरोलीकडे गेलं की जमिनीखाली याच्याहून किती तरी जुने, वेगळे खडक लागतात.

पुढे भारत उत्तरेला निघून गेला, खालची ती तप्त जागा मात्र बहुतांशी तिथेच राहिली. तिच्यावरून सरकणाऱ्या समुद्रतळावर ती ठसे उमटवत राहिली. लक्षद्वीप आणि मालदीव ज्या बुडालेल्या रांगेवर उभे आहेत ती, मग मॉरिशस आणि शेवटी रियुनियन. बहुतेक भूशास्त्रज्ञ ही सगळी एकाच उगमाची लेकरं मानतात. रियुनियनवरचा पितों द ला फूर्नेझ हा ज्वालामुखी आजही जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक आहे. तेव्हा ज्या भट्टीतून आपल्या वावराखालचा पत्थर आला, ती भट्टी अजून विझलेली नाही. ती आता पाचेक हजार किलोमीटर दूर आहे, एवढंच. एक गंमत सांगून ठेवतो. नागपूर विषुववृत्ताच्या उत्तरेला २१ अंशांवर, तर रियुनियन दक्षिणेला २१ अंशांवर. आपल्याकडे मे महिन्यात अंगाची लाही होते तेव्हा तिकडे थंडीचे दिवस सुरू होत असतात.

लोणारचं नाव इथे कुणी तरी काढतंच, म्हणून सांगतो. लोणारचं विवर ज्वालामुखीचं तोंड नाही. काळा पत्थर थंड होऊन कोट्यवधी वर्षं उलटल्यावर आकाशातून येऊन आदळलेल्या अशनीने ते केलं आहे. रियुनियनशी त्याचं नातं फक्त दगडापुरतं.

कड्यातले थर

कड्यासमोर उभं राहिल्यावर पहिली नजर आडव्या पट्ट्यांवर जाते. प्रत्येक पट्टा म्हणजे एका वेळी वाहून आलेला लाव्हा. तो बाहेर पडतो तेव्हा त्याचं तापमान ११०० अंश सेल्सिअसच्या वर असतं आणि त्यात वायू विरघळलेले असतात. दाब सुटला की वायूचे बुडबुडे होऊन वर येतात. वरचा भाग लवकर निवतो, त्यामुळे बुडबुडे तिथेच अडकतात. म्हणून प्रत्येक थराचा माथा भोकांचा, हलका, खरबरीत. मधला भाग सावकाश निवतो, तो घट्ट आणि काळाभोर. तळाशी परत थोडा तुटकातुटका भाग. विहिरीत आधी सोपा, मग अवघड, मग परत सोपा दगड लागतो त्याचं कारण हेच: आपण एका थरातून दुसऱ्या थरात उतरत असतो.

आपल्याकडच्या भोकांत आणि तिकडच्या भोकांत फरक आहे. आपला दगड जुना. साडेसहा कोटी वर्षांत पाणी त्यातून मुरत राहिलं आणि पाण्यातल्या खनिजांनी ती भोकं भरून टाकली. वावरात नांगर फिरला की वर येणाऱ्या गारगोट्या, पांढरे-हिरवट चकाकणारे खडे तिथलेच. रियुनियन पाण्याबाहेर येऊन फार तर वीस-तीस लाख वर्षं झाली आहेत आणि त्याच्या आग्नेय भागातला दगड तर काल-परवाचा. तिथली भोकं अजून रिकामी आहेत. दगड हातात घेतला तर आकारमानाच्या मानाने हलका लागतो.

दोन थरांच्या मधे कधी कधी विटकरी-लाल पट्टा दिसतो. एक थर निवल्यावर पुढचा उद्रेक होईपर्यंत मोठा काळ गेला, तेवढ्यात वरचा दगड कुजला, माती झाली, आणि मग नवा लाव्हा तिच्यावरून वाहिला. खालची माती भाजून निघाली. ती लाल रेघ म्हणजे दोन उद्रेकांमधली सुट्टी. काही लाल पट्टे मातीचे नसतात, ज्वालामुखीने उडवलेल्या राखेचे किंवा गंजलेल्या खंगराचे असतात. पण पाहणाऱ्याच्या दृष्टीने एक गोष्ट दोन्हींत सारखीच: हा थर कच्चा. विहिरीची भिंत ढासळते ती बहुधा याच ठिकाणी आणि समुद्रकड्याच्या पडझडीची सुरुवातही इथूनच होते.

लाल थर पाणीही अडवतो. वरच्या भेगाळ दगडातून मुरलेलं पावसाचं पाणी या थरावर येऊन थांबतं आणि आडवं वाहू लागतं. विहिरीत त्याला झिरा म्हणायचं. कड्यावर तेच पाणी मधूनच बाहेर पडून खाली उडी घेतं. रियुनियनच्या पूर्व काठावर आंस दे कास्काद नावाची एक छोटी खाडी आहे. तिथे कड्याच्या अंगावरून असे धबधबे थेट समुद्राशेजारी उतरतात. वर कुठे नदी दिसत नाही, म्हणून नव्या माणसाला आश्चर्य वाटतं.

उभ्या रेघाही बघाव्यात. थरांना आरपार छेदत गेलेली एखादी दगडी भिंत दिसली तर ती खालून वर येणाऱ्या लाव्ह्याची वाट आहे. लाव्हा वाटेतच थिजला आणि भेग भरून गेली. आजूबाजूचा दगड झिजला तरी ही भिंत कधी कधी तशीच उभी राहते.

मग खांब. लोक खास पाहायला जातात ते हे. घट्ट मधल्या भागात सहा बाजूंचे, कधी पाच तर कधी सात बाजूंचे उभे खांब एकमेकांना चिकटून उभे असतात. इतके रेखीव, की माणसाने घडवले असावेत असं वाटतं. वैशाखात आपली काळी माती भेगाळते तेव्हा जे होतं तेच इथे झालेलं असतं. मातीतलं पाणी जातं, ती आकसते आणि फाटते. लाव्ह्यातली उष्णता जाते, तो आकसतो आणि फाटतो. भेगा आधी वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावर पडतात, कारण निवायला तिथूनच सुरुवात होते. सुरुवातीला त्या वेड्यावाकड्या, काटकोनात भिडणाऱ्या असतात. पण जसजसं निवणं आत सरकतं तसतशा भेगाही टप्प्याटप्प्याने आत जातात आणि सरळ होत जातात. एका बिंदूशी तीन भेगा मिळाव्यात आणि त्यांच्यात सारखा, म्हणजे १२० अंशांचा कोन राहावा, यात ताण सगळ्यात कमी खर्चात मोकळा होतो. असे कोन चहूकडे जुळले की षटकोन तयार होतात. सावकाश निवलेल्या लाव्ह्याचे खांब जाड, झटपट निवलेल्याचे बारीक. खांबांवर आडव्या बारीक पट्ट्या दिसतात, त्या भेग एका झटक्यात किती आत गेली त्याच्या खुणा. खांब तिरपे किंवा पंख्यासारखे पसरलेले दिसले तर समजायचं की लाव्हा सपाट जागी नाही, एखाद्या ओढ्याच्या घळीत निवला, कारण भेगा नेहमी निवणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात आत जातात.

जेजू बेटावर जुंगमुन गावाजवळ असे खांब थेट समुद्रात उतरतात. उंच जागी ते तीस-चाळीस मीटर भरतात. पण खांबच पाहायचे असतील तर कोरिया कशाला? यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पारडी इथे २०२१ मध्ये असेच खांब प्रकाशात आले. जुन्या देवळाचे अवशेष असावेत असंही काहींना आधी वाटलं होतं. समुद्र सोडला तर खांब तेच. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल ही टेकडी तर सगळीच अशा खांबांची आहे, चहूबाजूंनी इमारतींनी वेढलेली.

समुद्र दगड कापतो तो कसा

पाणी मऊ आणि पत्थर कठीण, मग काप पत्थरालाच कसा? पाण्याने दगड घासून झिजतो हे खरं, पण तो हळूहळू चालणारा भाग. खरं काम भेगांमध्ये होतं. लाट कड्यावर आदळते तेव्हा भेगेत अडकलेली हवा दाबली जाते. लाट मागे सरली की तो दाब एकदम सुटतो. दर दहा-पंधरा सेकंदांनी हेच, दिवसरात्र. भेग थोडी थोडी रुंदावते आणि एक दिवस तुकडा निघतो. निघालेले तुकडेच मग पुढच्या लाटांच्या हाती लागतात. लाट ते उचलून परत कड्यावर मारते. वर उडालेलं खारं पाणी भेगांत वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात, तेही दगड उकलतात.

हे सगळं घडतं कड्याच्या पायथ्याशी, लाट पोचते तेवढ्याच उंचीत. तिथे आडवी खोबण तयार होते. पायथ्याला लाल कच्चा थर आला तर खोबण लवकर खोल जाते. वरचा जड पत्थर अधांतरी राहतो आणि भार सोसेनासा झाला की कोसळतो. खांबांचा दगड असेल तर खांबच्या खांब निखळून पडतात. पडलेला ढिगारा काही वर्षं पायथ्याला लाटांपासून वाचवतो, मग समुद्र तो ढिगारा नेतो आणि काम परत सुरू होतं. म्हणून समुद्रकडा रोज रोज कणाकणाने मागे हटत नाही. वर्षानुवर्षं काहीच होत नाही, मग एका दिवसात काही मीटर. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग सगळ्याच बेटांना चहूबाजूंनी कडे का नसतात? याचं उत्तर मॉरिशसवर चांगलं दिसतं. मॉरिशसच्या बहुतेक काठाभोवती प्रवाळाची भिंत आहे. लाट तिच्यावरच फुटते, आतलं पाणी शांत आणि काठाला पांढरी वाळू. दक्षिणेला सुईयाक गावाजवळ ग्री-ग्री नावाची जागा आहे, तिथे ही भिंत तुटलेली आहे. तेवढ्याच पट्ट्यात समुद्र थेट जमिनीवर येतो आणि तेवढ्यातच काळे कडे. रियुनियनला प्रवाळ फक्त पश्चिमेच्या थोड्या काठाला लाभला, त्यामुळे बाकीचा बराचसा काठ उघडा. दक्षिणेला काप मेशां इथे काळ्या कड्यांवर लाटा आदळताना दिसतात आणि वर वाकुआची झाडी, म्हणजे आपल्या केवड्याच्या कुळातली. या दोन बेटांपैकी जायला सोपं मॉरिशस. भारतीयांना पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही आणि तिथे कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज असलेला मराठी समाजही आहे. पण दगड पाहायचा तर रियुनियनच सरस.

सगळेच उंच कडे लाटांनी कापलेले नसतात, हेही सांगायला हवं. हवाई द्वीपसमूहातल्या मोलोकाई बेटाचा उत्तर काठ जवळपास हजार मीटर उंच आहे. सुमारे १५ लाख वर्षांपूर्वी तिथला अर्धा ज्वालामुखीच घसरून समुद्रात गेला आणि उरलेल्या अर्ध्याची तुटलेली बाजू म्हणजे तो कडा. ग्रीसच्या सांतोरिनीत पांढरी घरं ज्या कड्याच्या ओठावर बसली आहेत, तो साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा मधला भाग रिकामा होऊन खचल्याने तयार झाला. समुद्र नंतर आत शिरला. पोर्तुगालच्या मडेरा बेटावर काबो जिरांव इथे ५८० मीटर उंच कड्यावर काचेची गच्ची बांधली आहे. पायाखाली थेट समुद्र दिसतो म्हणे. मला विचाराल तर त्या काचेवर पैसे घालण्यापेक्षा खालून होडीतून कडा पाहावा. वरून पाहिलं तर थर दिसतच नाहीत.

रियुनियनवर समुद्राच्या जोडीला पाऊसही आहे, आणि तो आपल्या कल्पनेबाहेरचा. जानेवारी १९६६ मध्ये एका चक्रीवादळात तिथल्या फोक-फोक या उंच जागी २४ तासांत १८२५ मिलिमीटर पाऊस झाला. अकोल्यात दोन वर्षांत पडतो त्याहून जास्त, एका दिवसात. हे पाणी भेगांत शिरतं, कडे आतून फुगवतं आणि वरून ढकलतं. राजधानी सां-दनी ते ला पोसेस्यों हा रस्ता कित्येक वर्षं अशाच कड्याच्या अगदी पायथ्याने, एका बाजूला दगड आणि दुसऱ्या बाजूला लाटा, असा जात होता. जोराचा पाऊस झाला की डोंगराकडच्या मार्गिका बंद करायच्या. मार्च २००६ मध्ये मोठी दरड पडली, माणसं दगावली, रस्ता काही आठवडे बंद. शेवटी सरकारने रस्त्याचा मोठा भाग कड्यापासून दूर, समुद्रात नेला. ५.४ किलोमीटरचा पूल २०२२ मध्ये सुरू झाला. कड्याला जाळ्या मारून भागलं नाही तेव्हा हा उपाय. आपल्या घाटांतल्या दरडींचा विचार करता यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे, पण तो वेगळा विषय.

उलट बाजूही आहे. आग्नेयेला हेच बेट वाढतं. तिथला मुख्य रस्ता लाव्ह्याने अनेकदा तोडला आणि तो परत परत निवलेल्या लाव्ह्यावरून बांधला गेला. एप्रिल २००७ च्या उद्रेकात लाव्हा समुद्रात गेला आणि काठाला नवी जमीन जोडली गेली; वर ज्वालामुखीचं तोंड तीनशेहून जास्त मीटर खचलं. त्याआधी १९७७ मध्ये सेंत-रोजजवळच्या एका चर्चला लाव्ह्याने वेढा घातला, दारातून थोडा आत आला आणि थांबला. चर्च अजून आहे, भोवती थिजलेला लाव्हाही. ओल्या हवेमुळे नव्या दगडावर काही वर्षांत दगडफूल आणि नेचे उगवतात. आपल्यासारखी काळी माती व्हायला मात्र अजून फार अवकाश आहे.

जायचं असेल तर

विदर्भातल्या माणसाला पाणी कळतं ते नदीचं. पूर चढत येतो, पाणी गढूळ होतं, वर कुठे पाऊस झाला त्याची खबर लागते. समुद्राची लाट असं काही सांगत नाही. रियुनियनच्या दक्षिण काठावर मे ते सप्टेंबरमध्ये ज्या मोठ्या लाटा येतात, त्या हजारो किलोमीटर दूर दक्षिणेकडच्या वादळांनी उठवलेल्या असतात. इथे आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि तरी लाट मोठी. शिवाय लाटा सारख्या नसतात. दहा-पंधरा लहान आल्यावर दोन-तीन मोठ्या येतात. आइसलँडच्या रेनिसफ्यारा किनाऱ्यावर काळी वाळू आणि खांबांचा सुरेख कडा आहे. तिथे खांबांवर चढून, समुद्राकडे पाठ करून फोटो काढणारे लोक अशाच लाटेने ओढून नेले आहेत. इशाऱ्याचे दिवे लावल्यानंतरही बळी गेले.

म्हणून कुठल्याही कड्याजवळ पोचलात की लगेच खाली उतरू नका. पंधरा-वीस मिनिटं वर बसून पाहा, सगळ्यात मोठी लाट कुठवर येते. दगड कुठपर्यंत ओला आहे ते पाहा. ओल्या दगडावर पाय ठेवायचा नाही, तो गुळगुळीत असतो म्हणून आणि तिथवर लाट येते म्हणूनही. समुद्राकडे पाठ करायची नाही. कड्याच्या ओठावर गवत असलं तरी त्याखाली दगड असेलच असं नाही. खालची खोबण वरून दिसत नाही. कडा एका दिवसात काही मीटर मागे जातो असं वर म्हटलं, तो दिवस कुठला हे कुणी आधी सांगू शकत नाही. ओठाला समांतर भेग दिसली तर तिच्या अलीकडेच थांबा. खालून चालत असाल तर कड्यावर ताजी, वेगळ्या रंगाची खपली आणि पायथ्याशी धारदार कडांचे दगड दिसतात का ते बघा. ताजे दगड म्हणजे ताजी पडझड. तिथे डबा उघडून बसू नये, आणि मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवस तर त्या वाटेला जाऊच नये.

लाव्हा समुद्रात पडत असेल तेव्हाची गर्दी तर सगळ्यात वेडी. नव्याने तयार झालेली ती जमीन खाली सैल राखेच्या आणि काचेच्या चुऱ्यावर तरंगल्यात जमा असते. ३१ डिसेंबर २०१६ रोजी हवाई बेटावर अशी सुमारे २६ एकर जमीन काही तासांत समुद्रात गेली. सव्वीस एकर म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. वर उठणारी पांढरी वाफ नुसती वाफ नसते, तिच्यात आम्ल आणि काचेचे बारीक कण असतात.

रियुनियनला पोहण्याचा बेतही आवरता घ्या. शार्कच्या हल्ल्यांमुळे २०१३ पासून प्रवाळाच्या आतलं पाणी आणि ठरवून दिलेल्या जागा सोडून समुद्रात उतरायला बंदी आहे.

इतक्या लांब जायला सगळ्यांना जमत नाही. बॅरन आयलंड हा भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी अंदमानात आहे, पण तो सहसा जहाजातूनच पाहायचा, उतरू देत नाहीत. उडुपीजवळचं सेंट मेरी बेट खांबांसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथे होडीने जाता येतं, मात्र तो दगड आपल्या पत्थराहून जुना आणि वेगळ्या जातीचा. आपलाच पत्थर समुद्राने कापलेला पाहायचा तर रायगड जिल्ह्यातलं हरिहरेश्वर बरं. माणगावपर्यंत रेल्वे, पुढे श्रीवर्धनकडून रस्ता. देवळामागे प्रदक्षिणेची वाट कड्याच्या पायथ्याने जाते. लाटांनी कोरलेल्या खोबणी, जाळीसारखी भोकं, सपाट कापलेला दगडी ओटा, सगळं हाताच्या अंतरावर. बेट नव्हे, पण दगड विहिरीतलाच.

तिथेही माणसं वाहून गेली आहेत, आणि बहुतेक वेळा कारण एकच: भरतीची वेळ न पाहणं. रियुनियनला भरती-ओहोटीचा फरक मीटरभरही नसतो, तिथे लाट बघायची. कोकणात फरक मोठा. मुंबईला उधाणाच्या दिवशी तो चार मीटरच्या वर जातो. कोकणातले लोक यासाठी तिथीचा हिशेब करतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या पुढे. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. हिशेब ढोबळ आहे, तासाभराने पुढे-मागे होऊ शकतो, त्यामुळे गावात कोळ्यांना किंवा देवळात विचारूनच उतरावं. पौर्णिमेला ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमाराला येते आणि परतताना अंधार गाठतो. अष्टमीच्या आसपास गेलात तर दुपारी बाराला पाणी खाली असतं. ऊन डोक्यावर येतं, पण थर स्वच्छ दिसतात आणि समुद्राला उधाणही नसतं.